शिडीखालच्या चपला

टाकी पाडायला मशीन आलं, तेव्हा शिडीच्या पायथ्याशी आनंदाबाईच्या चपला होत्या.

टाचा झिजलेल्या, एका अंगठ्याला निळ्या दोऱ्याचा टाका. गावाने त्या लगेच ओळखल्या. मशीनवाल्या रोशनने इंजिन बंद केलं आणि सगळ्यांनी माना वर केल्या.

टाकीत पाणी नव्हतं त्याला बरीच वर्षं झाली होती, पण गावाला तिचा उपयोग होता. ज्याचं म्हणणं तालुक्याला ऐकू जात नसे, तो खाली चपला काढून वर चढून बसे. देवळात जाताना काढतात तशा. चपलांवरून गावाला कळे, आज पाळी कोणाची. शाळेला मास्तर असाच मिळाला होता, एसटीचा थांबाही. आता टाकीचे पोपडे रस्त्यावर पडू लागले होते. नव्या टाकीच्या जिन्याला कुलूप होतं. जुनी पाडायची, असं ग्रामसभेने ठरवलं.

त्या सभेत एकटी आनंदाबाई बोलली होती. "पाडा नं. पण माह्या पांदणीचं झाल्यावर पाडा."

तिच्या शेताकडे जाणारी पांदण सदाशिवरावांनी तारेचं कुंपण घालून आपल्या वावरात घेतली होती. तिची बैलबंडी शेतात जात नव्हती. मागच्या हंगामाचा सगळा कापूस तिने डोक्यावर, धुऱ्याधुऱ्याने, शेतांच्या बांधांवरून चालत घरी आणला होता. अर्ज करून करून बाई थकली. सभेत तिचं बोलणं कोणी मनावर घेतलं नाही, आणि त्यावरून सरपंच अपेक्षाचं मन तेव्हापासून तिला खात होतं.

अपेक्षाने चपलांकडे पाहिलं, वर पाहिलं आणि फोन लावला.

"बाई वर आहे का?" पलीकडून नायब तहसीलदारांनी विचारलं.

"चपला खाली आहेत, साहेब."

इतके दिवस ज्या साहेबांना गावाचा रस्ता सापडत नव्हता, त्यांची जीप धुरळा उडवत आली. त्यांनी भोंगा तोंडाला लावून बाईची विनवणी केली. वरून उत्तर नाही. मग साहेबांनी गर्दीतल्या सदाशिवरावांकडे पाहिलं. बाईने उडी घेतली तर नाव कोणाचं निघेल, हे सदाशिवरावांना सांगावं लागलं नाही.

"काढ ना बाप्पा ते तार," ते फोनवर आपल्या गड्याला म्हणाले. "मी कुठं नाई म्हटलं?"

तार काढून गुंडाळल्याचा फोन आला. साहेबांनी तेही भोंग्यातून सांगितलं. टाकीच्या कठड्यावरून एक पारवा उडाला, बाकी काही हललं नाही.

"माह्या चपला द्या बरं इकडं," गर्दीच्या मागून आवाज आला.

आनंदाबाई अनवाणी उभी होती.

साहेबांच्या हातातला भोंगा खाली आला. "तुम्ही वर नव्हता?"

"वर कशी जाईन मी? सावंगीले गुडघे दाखवले, तं डाक्टर म्हणे पायऱ्या चढू नोका." ती शांतपणे म्हणाली. "मी नुसत्या चपला ठेवल्या होत्या."

सदाशिवरावांनी खिशातून फोन काढला, सगळ्यांकडे पाहिलं आणि परत ठेवला. तार पुन्हा ताणायची तर आता सगळ्या गावादेखत ताणावी लागणार होती.

रोशनने इंजिन चालू केलं. "पाडू काय, ताई?"

"पाड," अपेक्षा म्हणाली. मग तिने शिडीकडे पाहिलं. "शिडी पुरी नको काढू. खालच्या चार पायऱ्या राहू दे."

"चार पायऱ्यांनं कुठं चढता येते?"

आनंदाबाई चपला घालून पांदणीच्या वाटेला लागली होती. तिने मागे न पाहताच उत्तर दिलं.

"चपला ठेवाले पुरतेत."