दगडातली लॅटिन

गावच्या सभागृहाच्या दारावरच्या दगडात कोरायचं वाक्य इंग्रजीत ठरलं होतं, पण ते लॅटिनमध्ये असल्याशिवाय त्याला वजन येणार नाही, यावर इंग्लंडमधल्या श्रॉपशायरच्या त्या गावकमिटीचं एकमत झालं. शाळेतून लॅटिन हद्दपार झाल्यापासून एडमंड थॉर्ली मास्तरांना कुत्रं विचारत नव्हतं. आता भाषांतर तपासायला बोलावणं येताच त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. कमिटीने कॉम्प्युटरकडून करून आणलेल्या भाषांतराची त्यांनी लाल पेनाने चिरफाड केली आणि एकेका शब्दासाठी आठवडेच्या आठवडे कोश पालथे घातले.

"एडमंड, चहा पुन्हा गार झाला," त्यांची बायको हिल्डा म्हणाली.

"अगं, चहा पुन्हा करता येतो. दगडात चूक कोरली, की मेल्यावरही नाचक्की!"

अनावरणाला सारा गाव लोटला. पडदा सरकला, सगळ्यांनी अदबीने माना डोलावल्या, टाळ्याही वाजवल्या. एकही चूक नव्हती. मास्तरांना भरून आलं.

तेवढ्यात बेकरीवाल्या मिसेस डॉकेट पुढे आल्या. "मास्तर, दिसतंय झकास हो! पण आम्हा अडाण्यांना सांगा तरी, लिहिलंय काय?"

मास्तरांनी छाती फुगवली, घसा खाकरला, तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. हिल्डाने कोपराने ढोसलं, तेव्हा कुठे ते पुटपुटले,



"सगळ्यांना कळेल असं बोला."