कानशीची फुली

“तोंड फाकलेला पाना नुसता फेकायचा नाही. करवतीने कापायचा. फेकलेला परत कामावर येतो,” सासऱ्यांनी जायच्या महिनाभर आधी तिला बजावलं होतं. तिने मान डोलावली आणि गॅरेज झाडताना चोवीसचा पाना अख्खाच भंगाराच्या पिंपात टाकला. मोडकं ते मोडकं. त्याचे आणखी तुकडे कशाला करत बसायचे?

आता तोच पाना तिच्या हातात होता. दहा महिन्यांची लेक कडेवर. नवऱ्याची हत्यारं घरी न्यायला ती आली होती, आणि हा त्याच्याच खिळ्याला टांगलेला सापडला. घासलेला, वर काळा रंग. रंगाखाली तिच्या नखाला फुली लागली. बाद झालेल्या पान्यावर सासरे कानशीने अशी फुली मारायचे. थोरल्या दिराला ती ओळखता येत नव्हती, असं कोण म्हणेल? पिंपातून त्यांनीच हा उचलला, रंगवला आणि धाकट्या भावाला दिला. स्वतःच्या पेटीत नवा कोरा.

बारा दिवसांपूर्वी पाना सटकला तो समोरच्या याच टॅक्सीच्या गंजक्या नटावरून. नवऱ्याची दोन बोटं आता वळणार नाहीत म्हणतात. ती दोघांना भरवते. एक चमचा हिला, एक त्याला.

टॅक्सी अजून तशीच घोडीवर चढवलेली होती. खाली दीर उताणे. बाहेर नुसते पाय. टॅक्सीवाला शेजारी उकिडवा बसलेला.

“धाकटा कसा आहे, उस्ताद?”

“बसलाय घरी. हाताला वळणच नाही त्याच्या. नाचता येईना अंगण वाकडं! पान्याच्या नावाने खडे फोडतोय. पान्याला काय धाड भरलीय?”

हे वाक्य बारा दिवसांत गल्लीतल्या प्रत्येक गॅरेजात पोचलं होतं. नवऱ्याला उद्या काम द्यायला कुणी तयार नव्हतं.

दिरांना तिच्या चपला दिसल्या असाव्यात. गाडीखालून काळा पंजा बाहेर आला.

“आलीस का? बरं झालं. चोवीसचा दे गं. माझ्या पेटीतला.”

तिने आधी लेकीच्या मुठीतला वॉशर सोडवून घेतला. पोर काय तोंडात घालील, नेम नसतो. मग हातातला पाना त्या पंजावर ठेवला.

पंजा मिटला. अंगठा फिरत फिरत फुलीपाशी थांबला.

“हा कुठला?”

“तोच, भावजी. ज्याला काही झालेलं नाही.”

टॅक्सीवाल्याने तिच्याकडे पाहिलं, मग बाहेरच्या पायांकडे.

“काय हो उस्ताद? दुसरा हवाय का?”

ती थांबली. ‘हा फाकलाय, दुसरा दे.’ दिरांनी एवढंच म्हणायचं होतं. टॅक्सीवाल्याच्या कानावर पडलं की संध्याकाळपर्यंत साऱ्या गल्लीला कळलं असतं, दोष कुणाचा ते. तिने लेकीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. दिरांच्या पायांची बोटं आखडली, सुटली.

“नको,” खालून आवाज आला. “पाइप सरकव इकडे.”

टॅक्सीवाल्याने जोर वाढवायचा लांबलचक पाइप आत सरकवला. तो पान्याच्या दांड्यावर बसल्याचा आवाज झाला. एवढ्या जोरावर धडधाकट पानाही कुरकुरतो, हे सासरे तिला सांगून गेले होते. ते तेवढं तिने ऐकलं होतं.

तिने नवऱ्याची पेटी उचलली. लेकीचं डोकं खांद्यात दाबून धरलं आणि ती चालू लागली. दारापाशी मागून जोर लावल्याचा हुंकार ऐकू आला. एक. मग दुसरा, जास्त लांब.

तिने वळून पाहिलं नाही.

तुमचा रस्ता तिकडूनच असेल, तर त्या टॅक्सीखाली जरा डोकावून या. चांगला पाना त्यांच्याच पेटीत आहे, वरच्या कप्प्यात. मागितला तर लगेच द्या.

पण मागू देत. टॅक्सीवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात.