चोख कसलेले बोल्ट

खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेल्या देवीदासजींचा जगात एकाच वस्तूवर विश्वास होता, टॉर्क रेंचवर. माणूस बोल्ट एक तर सैल ठेवतो, नाही तर त्याचा जीव काढतो. हा पाना मात्र ठरवलेला ताण आला की ‘खट’ म्हणतो. तिथंच थांबायचं.

सकाळी विजय नगरच्या घरासमोर त्यांनी गाडीचं बॉनेट उघडलं. मुलगी दीक्षा याच गाडीनं एकटी नागपूरला निघाली होती, नव्या नोकरीवर.

“बाबा, परवाच मेकॅनिक बोल्ट कसून गेला ना?” ती ड्रायव्हरच्या सीटवरून म्हणाली.

“तो अंदाजानं कसतो. तू बस चूपचाप.”

त्यांनी इंजिनच्या पहिल्या बोल्टला पाना लावून सावकाश, एका दमात ओढला. खट.

आवाज हातातल्या पान्यातून आला नाही. उघड्या बॉनेटच्या पलीकडून, सीटवरून आला.

“काहून बोटं मोडून राहिली?”

“मी कुठं? चूप तर बसली आहे.”

दुसरा बोल्ट. खट. पुन्हा पलीकडूनच. देवीदासजींनी कान खाजवला. आवाज कुठूनही येवो, ताण बरोबर होता. ते मधल्या बोल्टपासून कडेच्या बोल्टपर्यंत क्रमानं कसत गेले, तसतसं दीक्षाचं बोलणं कमी होत गेलं. त्यांना बरंच वाटलं.

शेवटचा बोल्ट. खट.

“झालं! आता नागपूर काय, खुशाल दिल्लीपर्यंत जा,” म्हणत त्यांनी बॉनेट खाली केलं.

काचेपलीकडे दीक्षा ताठ बसली होती. मान हलत नव्हती, पापणी हलत नव्हती.

“बाबा,” ती दात न उघडता म्हणाली, “थोडं सैल करा ना.”