बधिर करायची सुई

प्लास्टरच्या खोलीत डॉक्टरांनी सुनेला सांगितलं, आजींचं कोपर घट्ट धरा, मी हात ओढून हाड बसवतो, दोन मिनिटांचं काम आहे. सासूबाई शाळेत शिपाई होत्या. खिडक्या पुसताना स्टुलावरून पडल्या आणि उजवं मनगट पार वाकडं झालं. सकाळपासून त्यांनी हूं की चूं केलं नव्हतं. उलट सुनेलाच म्हणत होत्या, तुझं शिवणाचं काम अडलं माझ्यापायी.

सुनेने कोपर धरलं आणि विचारलं, बधिर करायची सुई कधी देणार?

डॉक्टर हसले. एवढ्याशा कामाला सुई कशाला, म्हणाले. आजी खंबीर आहेत, आणि बायकांना सोसायची सवयच असते.

सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अर्ध्या तासापूर्वी याच टेबलावर मोटारसायकलवरून पडलेला एक तरुण होता. त्याचंही मनगटच मोडलं होतं. त्याला सुई दिलेली तिने दारातून पाहिली होती. मग त्याला का दिली, तिने विचारलं.

"तो ओरडत होता," डॉक्टर म्हणाले.

सासूबाई पुटपुटल्या, जाऊ दे गं, त्यांचा खोळंबा होतोय.

सुनेने कोपर सोडलं आणि ती दोघांच्या मध्ये उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"ओरडलं तरच दुखतं का? मग मी ओरडते. पण इथे नाही, बाहेर, सगळ्या रांगेसमोर."

डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं. बाहेर बाकं गच्च भरली होती. नर्सने काही न विचारता बाटली आणि सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि ट्रे त्यांच्यासमोर सरकवला.

सुई टोचली तेव्हा सासूबाईंनी फक्त ओठ मिटले. दहा मिनिटं थांबावं लागलं. मग डॉक्टरांनी हात ओढला, हाड बसलं, आणि सासूबाई तो हात दुसऱ्याच कुणाचा असावा तशा त्याच्याकडे बघत राहिल्या. प्लास्टर चढलं. डॉक्टर पुढच्या पेशंटकडे गेल्यावर त्यांनी नर्सला विचारलं, ही सुई नवीन निघालीय का?

"नाही हो आजी. मी नोकरीला लागले तेव्हापासून आहे. वीस वर्षं झाली."

सासूबाईंनी आपल्या डाव्या घोट्याकडे पाहिलं.

"हा तीन वर्षांपूर्वी इथेच बसवला," त्या म्हणाल्या. "चौघांनी धरलं होतं मला."