अकरा फायली

रक्तपेढीतल्या प्रोग्रामरकडे काम तसं साधंच होतं. सिस्टरने रक्तगट निवडला, की त्या गटाच्या दात्यांना मेसेज जायला हवा. पण हे उद्या लागेल, ते परवा लागेल म्हणत त्याने एवढ्याशा कामासाठी कोडच्या अकरा फायली करून ठेवल्या होत्या.

आज वरच्या मजल्यावर एका बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता आणि इकडे मेसेज जात नव्हता. एक चूक निस्तरली की दुसरी डोकं वर काढायची.

“अहो दादा, वीस मिनिटं झाली!” सिस्टर रडकुंडीला आली. “यादी घ्या आणि मेसेज पाठवा, एवढंच तर करायचंय ना?”

त्याने सगळ्या फायली बंद केल्या, नव्याने चार ओळी लिहिल्या आणि बटण दाबलं.



पहिला मेसेज त्याच्याच खिशात वाजला: ‘तुमच्या गटाचं रक्त तातडीने हवंय.’