पिंपं

पहिलं पिंप पडलं तेव्हा शोशाम्माने थर्मासचं झाकण घट्ट लावलं. दुसरं पडलं तेव्हा ती उठून आपल्या गाडीकडे चालू लागली. पुढे बघण्यासारखं काही नव्हतं. मस्कतच्या पोलीस मैदानावर आधी गाडी उलटी घेत पिंपांच्या मधून न्यायची, मग चढ, मग रस्ता, अशी परीक्षा असते. तिचा नवरा कुरुविला अकराव्यांदा परीक्षेला बसला होता आणि चढापर्यंत एकदाही पोचला नव्हता.

"किती?" तो शेजारी येऊन बसला तेव्हा तिने विचारलं.

"दोन. गेल्या वेळी तीन होती."

"प्रगती आहे, अच्चायन," ती म्हणाली आणि गाडी सुरू केली. केरळी रिवाजाने ती नवऱ्याला अशीच हाक मारायची. तिला स्वतःला परवाना मिळून सहा वर्षं झाली होती. तिला दोन खेपा पुरल्या होत्या.

कुरुविला मस्कतच्या रुवी भागातल्या एका बँकेत चौदा वर्षं नोकरीला होता. बंदरात येणाऱ्या मालाच्या कागदपत्रांत एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी त्याच्या नजरेतून सुटत नसे. कमरेएवढं पिवळं पिंप मात्र त्याला दिसत नसे. बँक दर सहा महिन्यांनी त्याची फी भरायची, वर अर्ध्या दिवसाची सुट्टी द्यायची. परवाना मिळाला की बँकेची गाडी मिळणार होती. शोशाम्माने तिचा रंगही ठरवून ठेवला होता.

तोवर तीच त्याला रोज सकाळी बँकेच्या दारात सोडायची आणि मग इस्पितळात आपल्या ड्यूटीवर जायची. त्याच्या हाताखालचे कारकून विचारायचे, "सर, ड्रायव्हरबाईंना चहा पाठवू का?" शुक्रवारी चर्चहून समुद्रावर जाताना तो भाताचं पातेलं मांडीवर धरून बसायचा आणि सिग्नल लागला की संत्र्याची फोड सोलून तिच्या तोंडात घालायचा. मागून त्यांची आठ वर्षांची रीनू म्हणायची, "पप्पा, पिंप आलं बघा," आणि तो दचकल्यासारखं करायचा. तिघंही हसायची. पण अकराव्या खेपेनंतर शोशाम्माला हसू येईना. शनिवारी ती तडक नासिरकडे गेली.

नासिर हा अर्ध्या रुवीला गाडी शिकवणारा ओमानी माणूस. त्याचा बाप मुंबईशी व्यापार करायचा, त्यामुळे त्याला हिंदी येत होती.

"भाई, अकरा परीक्षा झाल्या," शोशाम्मा म्हणाली. "तुम्ही त्यांना शिकवता तरी काय?"

नासिरने समोरच्या बोळाकडे बोट केलं. "ती माझी गाडी बघा, सिस्टर. दोन भिंतींच्या मधे, दोन्ही अंगांना जेमतेम दार उघडेल एवढी जागा. उलटी घेत घेत आत कोणी लावली असेल?"

"तुम्ही."

"माझी हिंमत नाही. काल संध्याकाळी कुरुविला सरांनी लावली. तिसऱ्या धड्यानंतर मी त्यांना काहीच शिकवलेलं नाही." त्याने आवाज खाली आणला. "पिंपं पडत नाहीत, सिस्टर. ते पाडतात."

घरी कुरुविला ओट्याशी उभा राहून सुरमई साफ करत होता.

"नासिरकडे गेले होते," ती म्हणाली.

त्याची सुरी थांबली. मग त्याने नळ बंद केला.

"वाळवंटात आपली एक शाखा आहे," तो म्हणाला. "तेलविहिरींजवळ. इथून साडेपाचशे किलोमीटर. ज्याला गाडी येते त्याचीच तिकडे बदली होते. बायकामुलांना राहायला जागा नाही. बँक गाडी देते ती त्यासाठी."

"मला का नाही सांगितलं?"

"तू रंग ठरवून बसली होतीस."

ती ओट्याला टेकून उभी राहिली.

"आणि सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, जा, दोनच वर्षांचा प्रश्न आहे," तो म्हणाला. "आमच्या बँकेतल्या ईशोच्या बायकोने तेच म्हटलं. तो पहिल्या फटक्यात पास झाला आणि तिकडे गेला. ती मुलाला घेऊन गावी परत गेली. गेल्या ईस्टरला ईशो सुट्टीवर घरी पोचला, तर त्याच्या पोराने दारातूनच आत हाक मारली, 'अम्मा, कोणी अंकल आलेत.'"

शोशाम्माने मनात हिशेब केला. त्याने पहिलं पिंप पाडलं तेव्हा रीनू तीन वर्षांची होती. तेव्हापासून त्याने किती लोकांचं हसू सोसलं आणि त्यात आपलं किती, हे काही तिला मोजता येईना. तिने त्याच्या हातातली सुरी घेतली. "सरका," ती म्हणाली. "शेपटीकडचे खवले तसेच राहिलेत."

पुढच्या शुक्रवारी चर्चच्या आवारात तिने स्वतःहून विषय काढला. "अकरा वेळा," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "पिंपं यांना बघूनच आडवी होतात. या माणसाला या जन्मात गाडी यायची नाही." सगळे हसले. बँकेच्या मॅनेजरची बायकोही हसली, आणि शोशाम्माला तेवढंच हवं होतं. कुरुविला खाली मान घालून उभा होता.

ऑक्टोबरात बारावी परीक्षा आली. मैदानाच्या फाटकाशी शोशाम्माने गाडी थांबवली. आत नवीन परीक्षक वही घेऊन उभा होता. तिने नवऱ्याची कॉलर नीट केली.

"आज पिंपं सरळ पार करा, अच्चायन," ती हळूच म्हणाली. "दर वेळी तीच चूक केली तर लोकांना संशय येतो. चढावर गाडी मागे घसरू द्या."