तबकडीची ऊब

प्रयोगशाळेत रोज चारला गोठवणारा नायट्रोजन उडून जायचा. थंडीत चुंबकाला अधांतरी धरून ठेवणारी अतिवाहकाची काळी तबकडी ऊब धरायची, आत अडकलेलं चुंबकत्व सोडायची, आणि वर तरंगणारं चुंबक टक् करून खाली बसायचं. “विसरली एकदाची. चला घरी,” शेजारच्या टेबलावरून बाईंचा नवरा म्हणायचा. तो वारल्यापासून बाई स्वतःच तसं म्हणत आणि एकट्याच निघत.

आज साडेपाच वाजले तरी टक् झालं नाही. नायट्रोजनचं भांडं कोरडं ठणठणीत होतं, तरी चुंबक बोटभर वर तरंगतच होतं.

“विसर गं आता,” बाई तबकडीला हळूच म्हणाल्या.

चुंबक जरासं हललं. नवरा जाता-येता पेन्सिलीनं टोचायचा, तेव्हा हलायचं तसंच.

बाईंनी तबकडीच्या कडेवर हात ठेवला. ती खोलीपेक्षा ऊबदार होती, तळहाताइतकी.

त्यांनी हात मागे ओढला. तबकडीनं तो सोडला नाही.